लवंगीचं राहिलेलं मिनिट

मास्तरणीवर वर्षभर कुणी विश्वास ठेवला नाही. अध्यक्षाने नाही, स्वारांनी नाही, ज्यांची घोडी डॉक्टरांनी मरणाच्या दारातून ओढून आणली त्यांनीही नाही. "डॉक्टर चुकले नाहीत," एवढं एकच वाक्य ती घसा फोडून सांगत फिरली, आणि लोक "हो हो, बाई," म्हणत तिच्यापुढे चहाचा कप सरकवत राहिले. डोकं फिरलेल्या माणसाला शांत करतात ना, तसं.

नालबंद ही गोष्ट सांगायला बसला की सुरुवात इथूनच करतो. दौडीच्या आदल्या रात्री, घोड्यांना वैरण पडल्यावर, तबेल्याच्या पडवीत तरणे स्वार पांघरुणं गुरफटून बसतात आणि म्हाताऱ्याला डिवचतात.

"आजोबा, भूत दिसलं होतं का पण? खरं सांगा."

"दिसलं नाही," नालबंद म्हणतो. "दिसलं असतं तर परवडलं असतं. आणि मध्ये बोलायचं असेल तर आत्ताच उठून झोपायला जा. ही ऐकीव गोष्ट नाही. त्या रात्री तिला तिथे सोडून आलो तो मीच."

मग सगळे जवळ सरकतात.

डॉक्टर म्हणजे घोड्यांचे. माणसांतलं आपल्याला काही कळत नाही, असं ते स्वतःच म्हणायचे. घोडं तपासायला आणलं की मालक तोंड उघडायचा, तर हे हात वर करायचे. "तुमचं नंतर. आधी यांचं ऐकू दे." थंडीत ठोके ऐकायच्या नळीची चकती काखेत धरून ऊब द्यायचे आणि मगच घोड्याच्या छातीला लावायचे. कोटाच्या खिशात गाजराचे तुकडे. त्यापायी दर घोड्याने त्यांचा खिसा फाडलेला, आणि बायकोने दर वेळी हाताला लागेल त्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेला. निळा, पिवळा, गुलाबी. दौड भरवणाऱ्या संघटनेचा अध्यक्ष एकदा म्हणाला, "डॉक्टर, नवा कोट शिवा हो, शोभत नाही." डॉक्टर म्हणाले, "घोड्यांनी तक्रारीचा अर्ज दिलाय का?"

अध्यक्षाचं घोडं त्यांनी तीनदा बाद केलं होतं. तिसऱ्यांदा अध्यक्ष लालबुंद झाला. तेव्हा डॉक्टर शांतपणे म्हणाले, "घोडं दमलंय. तुमचं वजन मी बाद करू शकत नाही, म्हणून त्याला करतो." आणि तोच अध्यक्ष, त्याची घोडी अडली त्या रात्री, पहाटेपर्यंत डॉक्टरांची बॅटरी धरून उभा होता. डॉक्टर घरच्या चपलांवरच धावत आले होते. शिंगरू जगलं. फी विचारली तर म्हणाले, "चप्पल घेऊन द्या, एक नाल्यात गेली."

असा माणूस. आता लांब पल्ल्याची दौड कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे, पण तरी सांगतो, कारण सगळं घडलं ते त्याच्यावरच. या दौडीत पहिला कोण आला ते नंतर. घोडं धड आलं का, ते आधी. दर पंचवीस-तीस किलोमीटरवर नाका. नाक्यावर डॉक्टर. घोडं उभं करून ठोके मोजायचे. चौसष्टच्या वर असले तर थांब. खाली असले तरी लगेच सुटका नाही. घोड्याला चाळीस पावलं दुडकीने पळवायचं, चाळीस पावलं परत आणायचं, आणि एक मिनिट झालं की पुन्हा मोजायचे. दमलेलं घोडं उभं असताना फसवतं. छाती धरून उभं राहतं बिचारं, माणसासाठी. पळवलं की हृदय खरं बोलतं. साठाचे साठ राहिले तर ठीक. साठाचे अडुसष्ट झाले तर ते आतून संपत आलंय.

म्हणून डॉक्टर दर घोड्यापाशी बोट वर करून म्हणायचे, "एक मिनिट." त्या मिनिटात नाक्यावर कुणी बोलायचं नाही. कुणी खोकायचंही नाही.

आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर मास्तरीण.

मास्तरीण चौथी पास. तबेल्यात खरारा करणारी, शेण उचलणारी बाई. पण तोंड असं की मालकांनाही कोपऱ्यात उभं करायची, म्हणून डॉक्टरांनीच हे नाव ठेवलं. वीस वर्षं ती त्यांच्या शेजारी बसून घोड्यांची कार्डं लिहायची. डॉक्टर आकडा सांगणार, ती लिहिणार. एकदा कुणीतरी विचारलं, कॉलेजात शिकलेली इतकी पोरं आहेत, हीच कशाला? डॉक्टर म्हणाले, "शिकलेला माणूस आकडा हवा तसा लिहितो. ही आहे तसा लिहिते."

हे वाक्य तिने पदकासारखं जपलं. कुणी वाटेला गेलं की तोंडावर मारायची.

त्या सालची दौड. शेवटचा नाका हमरस्त्यावरच्या त्या बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर. छप्पर आहे, फरशी आहे, शेजारी मोकळी जमीन. पन्नास घोडी आणि डॉक्टर एकटे. दुसरा डॉक्टर आणायचं अध्यक्षाकडून राहून गेलं. थंडी अशी की बोटं वळत नव्हती. तरी डॉक्टर एकेक घोडं ऐकत होते.

रात्री एक वाजता लवंगी आली. मास्तरणीच्या भाचीची घोडी. अंगाने एवढीशी, तापट, मिरचीसारखी. भाचीने तिला शिंगरू असल्यापासून बाटलीने दूध पाजून वाढवलेलं. एकोणीस वर्षांची पोर, पहिलीच एवढी लांब दौड. उभी असताना लवंगीचे ठोके साठ. पळवली, मिनिट गेलं, अडुसष्ट.

डॉक्टरांनी लवंगीच्या कपाळावर हात ठेवला. भाचीला म्हणाले, "चाळीस मिनिटं विश्रांती. सुटायच्या आधी पुन्हा मला दाखव. पळवून. बघू."

एक चाळीसला लवंगी सुटली. कार्डावर पुन्हा तपासल्याचे आकडे होते. पळवण्याआधी साठ, पळवल्यावर साठ. खाली डॉक्टरांची सही.

तीनला वायरलेस खरखरला. नाक्यापासून सात किलोमीटरवर, चढावर, लवंगी कोसळली होती.

डॉक्टरांनी पत्र्याच्या पेटीतून तिचं कार्ड काढलं. पाहिलं. परत ठेवलं. मग वायरलेस तोंडाशी धरून म्हणाले, "घोडी मी सोडली. जबाबदारी माझी. निघालो."

हे सगळ्या नाक्यांवर ऐकू गेलं. मीही ऐकलं. पुढे वर्षभर त्या पहिल्या तीन शब्दांनीच घात केला.

जीप चढाखाली अडकली. साठी ओलांडलेला माणूस औषधांची पेटी खांद्याला लावून अंधारात एक किलोमीटर चढून गेला. सलाईन लावलं. भाची बाटली उंच धरून उभी होती, रडत होती, हात खाली येऊ देत नव्हती. साडेचारला लवंगी गेली. डॉक्टर तिच्या मानेला टेकून बसले. नळी कानातच, चकती लवंगीच्या छातीवरच. लोकांना वाटलं, ऐकतायत अजून. कुणी त्यांना हलवलं नाही. डॉक्टर मोजत असताना बोलायचं नसतं ना... उजाडल्यावर एकाने खांद्याला हात लावला. अंग गार पडलं होतं.

इथे नालबंद नेहमी थांबतो. विडी पेटवतो. पोरंही घाई करत नाहीत.

पंधरा दिवसांनी संघटनेचा अहवाल आला. लांबलचक, पण त्यातली एकच ओळ सगळ्यांना पाठ झाली. 'अपात्र घोडी नजरचुकीने सोडली. दोष: पशुवैद्य.' एक प्रत डॉक्टरांच्या घरी गेली. का, देव जाणे. माणूस गेल्यावर त्याच्या बायकोला त्याचा प्रगती-अहवाल पाठवायची कोण हौस!

मास्तरीण समाचाराला गेली तेव्हा वहिनी खिडकीपाशी बसल्या होत्या. मांडीवर तो कोट. खिसा पुन्हा फाटलेला होता, आणि सुईत दोरा ओवून नुसत्याच बसलेल्या.

"एक विचारू ग?" वहिनी म्हणाल्या. "तू शेजारी असायचीस. यांचा कान गेला होता का? घरात मला कधी जाणवलं नाही. मी हळू बोलले तरी ऐकायचे."

"नाही वहिनी. कान शेवटपर्यंत तिखट होता."

"मग ऐकायला चुकले कसे?"

मास्तरणीच्या तोंडाला कधी कुलूप लागलेलं कुणी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी लागलं. ती उठून आली.

तेव्हापासून ती भांडत सुटली. अध्यक्षाला भर सभेत म्हणाली, "पन्नास घोड्यांना एक डॉक्टर! लग्नात वाढपी तरी दोन ठेवतोस ना?" चढाचा मार्ग आखणाऱ्याला धारेवर धरलं. जीपवाल्याला धरलं. मलाही सोडलं नाही, म्हणाली लवंगीचे नाल जड बसवले होतेस. सगळ्यांचा दोष काढून झाला. पण कुणी विचारलं, "बाई, मग कार्डावर साठ आलं कुठून?" की ही पाय आपटत निघून जायची.

भाची तर घोड्यावर पुन्हा बसलीच नाही. दूर कुठे नोकरीला लागली. मावशीचा फोन उचलायची नाही.

वर्ष गेलं. पुढची दौड आली, या खेपेला रात्रीची नाही, दिवसाची. अठ्ठावीस नोव्हेंबर, शुक्रवार. शेवटचा नाका पुन्हा तोच पंप. नाका आदल्या रात्री मांडून ठेवायचा होता. पाण्याची पिंपं, रेघा मारायच्या पांढऱ्या फक्कीचं पोतं, टेबल, खुर्च्या. नवा डॉक्टर पहाटे येणार होता.

"मी जाते," मास्तरीण म्हणाली.

"तू कशाला? पोरं आहेत," मी म्हटलं.

"पोरं रेघा वाकड्या मारतात."

रात्री साडेबाराला माझ्या टेम्पोतून आम्ही पहिली खेप नेली. अर्धा चंद्र मावळायला टेकला होता. वारा नव्हता. पिंपं उतरवली, दिवा लावून दिला, आणि दुसऱ्या खेपेला मी परत फिरलो. "अडीचपर्यंत येतो," म्हटलं. ती म्हणाली, "तुझ्या टेम्पोचं अडीच म्हणजे साडेतीन. ये सावकाश."

यापुढचं तिने मला सांगितलं तसं सांगतो. एक शब्द माझा नाही.

तिने फक्कीची रेघ मारली. पंपाच्या कडेपासून सरळ, चाळीस पावलं, स्वतःच्या पावलांनी मोजून. दुसरी रेघ मारली. मध्ये घोडं आणि माणूस बरोबर पळतील एवढी वाट. टोकाला आडवी रेघ. मग टेबल मांडलं. खुर्ची उघडली. आणि दुसरी खुर्चीही उघडली. नव्या डॉक्टरसाठीच होती ती. पण उघडताना हात जरा थबकला. बसली. शाल घट्ट केली.

चंद्र गेला. दिव्याचा उजेड टेबलापुरता. पलीकडे पंपाची रिकामी यंत्रं माणसांसारखी उभी. रस्त्यावरून एक ट्रक गेला. त्याचा आवाज पार विरेपर्यंत तिने ऐकला.

घड्याळात पाहिलं. एक वाजून चाळीस मिनिटं.

तेव्हा टापा ऐकू आल्या.

आधी तिला वाटलं, कुणी स्वार मार्ग बघायला निघाला असेल. हौशी असतात एकेक. चालत्या घोड्याच्या टापा. हमरस्त्यावरून. मग मातीवरून. सावकाश, थकलेल्या.

"कोण आहे?" तिने ओरडून विचारलं. "नाका सकाळी आहे. कुणाचं घोडं?"



टापा आल्या. रेघेपाशी थांबल्या.

तिने बॅटरी मारली. फक्कीच्या दोन रेघा. मधली माती. बाकी काही नाही.

फुर्रर्र... घोड्याने नाक उडवलं. तिथेच. सहा हातांवर.

वास आला. घामाचा. लांबून आलेल्या घोड्याचा, खोगिराखालचा ओला वास. वीस वर्षं नाकात बसलेला वास. त्यात तिची चूक होणार नव्हती.

तिने बॅटरी तशीच रेघांवर धरून ठेवली. 

मग टापा बदलल्या. दुडकी. टप-टप, टप-टप. तिच्यापासून दूर. आणि बॅटरीच्या उजेडात, घोडं नाही, माणूस नाही, पण दर टापेसरशी फक्की उडत होती. थोडी थोडी. पांढरी.

चाळीस पावलं. टापा वळल्या.

परत येऊ लागल्या.

टप-टप... टप-टप... टप...

थांबल्या.

शेजारची खुर्ची करकरली.

कुणीतरी बसलं. जड. दमून बसतं तसं.

तिने वळून पाहिलं नाही. भीतीने नाही, असं ती म्हणते. सवयीने. मोजणी चालू असताना वळायचं नसतं. बोलायचं नसतं. श्वासही हळू घ्यायचा...

शांत.

घड्याळाचा काटा तेवढा सरकत होता. पाच सेकंद. दहा.

तिला कळलं, हे काय चाललंय.

हेच ते मिनिट होतं. गेल्या वर्षी राहिलेलं.

कारण एक चाळीसला डॉक्टर तिथे नव्हतेच. पंपाच्या मागे एका घोड्याच्या पोटात दुखत होतं, लोळत होतं ते, आणि डॉक्टर त्याच्यापाशी चिखलात गुडघे टेकून होते. कार्डांवर सह्या त्यांनी संध्याकाळीच करून ठेवल्या होत्या. रात्री थंडीने बोटं आखडतात म्हणून. आणि शेजारी आहे तसा आकडा लिहिणारी बाई बसलीय म्हणून. भाची आली होती, लवंगीचा लगाम धरून. "मावशी, वेळ झाली. तूच बघ ना. वीस वर्षं बघतेयस."

आणि हिला गंमत वाटली. मान ताठ झाली. डॉक्टरांची जादा नळी टेबलावर होती, ती कानाला लावली. लवंगी उभी होती. साठ. स्वच्छ, खणखणीत साठ. पळवायला हवी होती. मिनिटभर थांबायला हवं होतं. पण भाचीच्या पुढे दोन घोडी सुटून गेली होती, पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि हिला वाटलं... कान माझाही तयार आहे. दोन्ही चौकोनांत साठ लिहिलं. डॉक्टरांच्या सहीच्या वर.

"जा," म्हणाली. "उड."

तीस सेकंद. पस्तीस.

तीनला डॉक्टरांनी कार्ड काढलं तेव्हा त्यांना अक्षर पाहताक्षणी कळलं. आकडा सांगितला नव्हता, आणि लिहिलेला होता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर ती वर्षभर सुखाने झोपली असती. नुसतं पाहिलं, पेटी बंद केली, आणि वायरलेस उचलला.

पंचेचाळीस. पन्नास...

साठ.

आणि मग तिला ऐकू आलं.

नळी कानात नव्हती. तरी ऐकू आलं.

धप. धप. धप-धप. ... धप.

अडखळणारं. घाईला आलेलं. ती मोजू लागली. मोजायचं नव्हतं. पण कान ऐकेनात. पंधरा सेकंदांत एकोणीस.

शहात्तर.

गेल्या वर्षी थांबली असती, तर हेच ऐकलं असतं. एवढंच. पळवायचं, आणि मिनिटभर गप्प बसायचं. पोरगी रडली असती. लवंगी टेम्पोतून घरी गेली असती. डॉक्टर सकाळी गाजर मोडून तिला देत असते...

कुणी आकडा सांगेना.

शेजारची खुर्ची गप्प.

समोर घोडं श्वास घेतंय.

वाट बघतायत. दोघंही.

"शहात्तर," मास्तरीण म्हणाली.  पुन्हा म्हणाली. "शहात्तर, डॉक्टर. ही जाणार नाही पुढे. मी पळवलीच नाही तिला. मी थांबले नाही... मी..."



खुर्ची करकरली. हलकी झाली.

टापा वळल्या. दुडकी नाही. सावकाश, चालत. आणि त्यांच्या बाजूने, माणसाची पावलं. दोन्ही आवाज बरोबरच गेले, रस्त्याकडे नाही, मागे, मोकळ्या रानाकडे.

मग काही नाही.

अडीचला नाही, पावणेतीनला मी पोचलो. दिवा चालू. ती खुर्चीत. शाल गळून पडलेली. मी हाक मारली, तर म्हणाली, "मला सभेत घेऊन चल." पहाटे चारला स्वारांची सभा असते, मार्ग समजावून सांगायला. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात माझा पाय ओल्यात पडला. रेघेच्या टेबलाकडच्या टोकाला, घोडं उभं करतात तिथे, माती भिजलेली होती. घोडं घामाने निथळून उभं राहिलं की ठिबकतं ना, पोटाखाली, चार पायांच्या मध्ये, तेवढीच जागा. बाकी सगळं कोरडं ठाक. मी बोट लावलं, नाकाशी नेलं. पन्नास वर्षं घोड्यांच्या पायांत काढलीत मी. घामच होता. आणि कोमट होता.

सभेत ती उभी राहिली. आढेवेढे नाहीत. "कार्ड मी लिहिलं. डॉक्टर तिथे नव्हते. घोडी मी सोडली," म्हणाली. भाचीचं नाव घेतलं नाही. शेवटपर्यंत घेतलं नाही.

तंबूत मग एक स्वार हळूच म्हणाला, "मास्तरीणबाई, तुमची माया कळते आम्हाला."

"माया? मूर्खा, मी चूक सांगतेय!"

"तुम्ही आणि खोटा आकडा लिहिणार?" दुसरा म्हणाला. "सूर्य पश्चिमेला उगवेल."

अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाई, जाऊ द्या आता. वायरलेसवर त्यांचा आवाज आम्ही आमच्या कानांनी ऐकलाय. घोडी मी सोडली म्हणाले ते."

"खोटं बोलले ते!" मास्तरीण किंचाळली. "जन्मात एकदा खोटं बोलले, ते माझ्यापायी. आणि तुम्ही शहाण्यांनी वीस वर्षांत त्यांचं नेमकं तेवढंच खरं मानलंत!"

आणि ती रडली. घोडं मरतानाही न रडणारी बाई. तोंड न झाकता, पोरासारखी रडली. कुणीतरी पुन्हा चहा आणला. तिने तो कप भिरकावला, तो अध्यक्षाच्या बुटांवर.

दौड सुरू झाली. दिवस वर आला. ऊन तापलं. पंपावर एकेचाळीस घोडी येऊन गेली. नवा डॉक्टर दर घोडं रेघेच्या टोकाला उभं करायला सांगायचा, आणि दर घोडं त्या ओल्या जागेला वळसा घालून पलीकडे उभं राहायचं. ओढलं तरी पाय टाकेना. दुपारी बारा वाजता आजूबाजूची माती फुटाण्यासारखी भाजत होती. ती जागा ओलीच. एकाने तिच्यावर कोरडी माती टाकली. घटकाभरात तीही भिजून वर आली.

अध्यक्ष दिवसभर ते पाहत होता. शेवटी त्याचं स्वतःचं घोडं आलं, दुसऱ्याच स्वाराखाली, आणि त्याने पुढे होऊन लगाम धरला. ते मात्र वळलं नाही. त्या ओल्याच्या काठाशी थांबलं, मान खाली घातली, आणि हुंगत राहिलं. हेच ते शिंगरू, ज्याच्यासाठी डॉक्टर चपलांवर धावत आले होते. अध्यक्षाने लगाम सोडून दिला. खाली बसला. ओल्या मातीवर पंजा ठेवून बराच वेळ बसला. उठला तेव्हा कुणाच्याच नजरेला नजर देईना.

संध्याकाळी तो फाईल घेऊन आला. मास्तरीण शेवटची कार्डं पेटीत लावत होती. त्याने अहवालाचं पान उघडून जीपच्या बॉनेटवर ठेवलं. 'दोष' या शब्दापुढचं खोडलं. एकदा नाही, तीनदा.

"ही प्रत मी स्वतः वहिनींना नेऊन देईन," म्हणाला. मग पेन तसंच धरून उभा. वीस वर्षांत तिचं खरं नाव कुणी विचारलंच नव्हतं. "बाई... काय लिहू?"

"आण इकडे," ती म्हणाली. "आहे तसं मीच लिहिते."

तिने पेन घेतलं. चौथीतल्या पोरीच्या मोठ्या, गोल, स्वच्छ अक्षरात लिहिलं.

मास्तरीण.